टपावरच्या मामांची निवृत्ती

मित्रांनो, या अंगणातली जुनी घरगाडी म्हणजे मीच. घरगाडी ही काय भानगड, असे विचाराल तर सांगते. पुढून पाहिले तर मी ट्रकची धाकटी बहीण दिसते, आणि बाजूच्या दाराने आत आलात तर चक्क एक घर आहे. ओटा आहे, छोटा फ्रिज आहे, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी बैठक आहे, खिडक्यांना पडदे आहेत, आणि चपला काढायला पायरीसुद्धा आहे. माझ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि उजव्या अंगाला एक पोचा आहे. पण नाक मुरडण्याआधी थोडे ऐकून घ्या. म्हाताऱ्या गाड्यांना बोलायची भारी हौस असते आणि ऐकायला सहसा कुणी सापडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी लोखंडाचा सांगाडा जोडला गेला, मग सुतारांनी आत कपाटे बसवली. एका सुताराने तर प्रत्येक कपाटाच्या दाराला चाप लावून तो ओढून ओढून पाहिला, वळणावर कपबशा बाहेर येऊ नयेत म्हणून. सगळे छान चालले होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या टपाला मोठे चौकोनी भोक पाडले. झाले, आता जन्मभर पावसात भिजायचे, असे मला वाटले. पण त्या भोकावर गार हवेचे एक दणकट यंत्र बसले, आणि कारखान्यातले लोक म्हणू लागले, "आता कितीही ऊन असो, हिच्या पोटात गारवाच गारवा!" मग मी जरा फुशारले.

मला ज्यांनी घरी आणले ते बाबा छापखान्यात मशीनवर काम करत. मशीनच्या नुसत्या आवाजावरून कागद कुठे अडकला ते त्यांना कळे. आई शाळेत शिकवायची. तिचा आवाज इतका खणखणीत, की शेवटच्या बाकावरचा झोपाळूही दचकून ताठ बसायचा. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, तेव्हा एवढीशी होती. ती त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. टपावरच्या यंत्राचे बारसेही तिनेच केले. नाव ठेवले टपावरचे मामा. मामा वर बसून सारखी कुरकुर करत, पण काम मात्र चोख.

मामांचा एकच थाट होता. ते उठताना सगळी वीज एकदम स्वतःकडे ओढून घेत. त्यामुळे घरात कायदाच ठरला होता. बटण दाबण्याआधी बाबा ओरडत, "मामा उठतायत!" की आईने किटली बंद करायची, ताईने पाण्याचा पंप बंद करायचा, आणि दोघींनी रिकामे हात वर करून दाखवायचे. मगच बटण. एकदा ताईने गुपचूप केस वाळवायचे यंत्र चालू ठेवले, तर आमच्यासकट मुक्कामावरच्या शेजारच्या गाड्यांचीही वीज गेली. एक शेजारी अर्ध्या दाढीनेच भांडायला आले. बाबांनी त्यांना चहा पाजला, ताईने माफी मागितली, आणि उरलेली दाढी त्यांनी माझ्याच आरशात केली.

मामा एकदा सुरू झाले की बोलणे संपले. मग खुणा ठरल्या. अंगठा ओठाला लावला की चहा हवा. कान ओढला की माझे मोजे कुठे गेले. आई मात्र खुणा करत नसे. ती सरळ मामांच्या वर आवाज चढवायची, आणि तिच्यापुढे मामांचे काही चालायचे नाही. डोंगरातले रस्ते, समुद्राकाठचे मुक्काम, ओले कपडे, पत्त्यांचे डाव, रुसवेफुगवे, सगळे माझ्या पोटात झाले. पाहणारे म्हणायचे, "काय झकास गाडी आहे हो!" आणि मला बरे वाटायचे. का खोटे बोलू?

पण दिवस काही तसेच राहत नाहीत. ताई मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. बाबांची नोकरी संपली. आणि मग आईच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. आजार गेला, जीव वाचला, पण जाताना त्याने तिचा आवाज नेला. उरली ती नुसती कुजबुज. डॉक्टर म्हणाले, आता हे असेच राहायचे. शिवाय उकाडा वाढला की तिला धाप लागू लागली.

मित्रांनो, आता आमची अडचण नीट समजून घ्या. मामा चालू केले तर आईला श्वास घेता येई, पण तिचे बोलणे कुणाला ऐकू येत नसे. मामा बंद केले तर बोलणे ऐकू येई, पण ती बोलणार कशी? घामाने चिंब होऊन ती खिडकीशी बसलेली असे.

आईच्या आजारानंतरच्या पहिल्याच सहलीत मी ते पाहिले. मामा वर गरजत होते. बाबा ओट्याशी पाठमोरे उभे राहून कप विसळत होते. खिडकीबाहेर एक हरणी आणि तिचे पाडस अगदी जवळ आले होते. आई म्हणाली, "अहो, इकडे या." बाबांना ऐकू गेले नाही. "अहो, लवकर!" तरी नाही. तिने पेल्यावर चमचा वाजवला. बाबा वळून म्हणाले, "काय गं? चहा?" तोवर हरणी निघून गेली होती. आईने हातानेच 'जाऊ दे' केले. त्या सहलीत तो 'जाऊ दे' फार वेळा झाला, आणि शेवटी तिने हाका मारणेच सोडून दिले. दोन माणसे माझ्या एवढ्याशा पोटात गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि एकमेकांपासून इतकी लांब. मला ते बघवेना. ती दोघे ठरल्यापेक्षा लवकर परत आली.

पायरीवर बसून आई म्हणाली, "विकून टाकू या हो हिला."

बाबांनी माझ्या चाकावरचा चिखल काटकीने खरवडला. मग म्हणाले, "तू म्हणशील तसं."

त्यानंतर मी अंगणातच पडून राहिले. टपावर पाला साचला, पडद्यांना कुबट वास येऊ लागला, माझ्या पोटाखाली एका मांजरीने संसार थाटला. एके दिवशी एक गृहस्थ मला पाहायला आले. त्यांना माझ्यात खाऊचे दुकान काढायचे होते. भिंतीवर हात फिरवत ते म्हणाले, "इथून इथपर्यंत कापून काढू. गिऱ्हाइकाला समोर फळी पाहिजे. पलंग-बिलंग सगळं उपटायचं. फ्रिज तेवढा चालू करून द्या." हे ऐकून माझा एक टायर तिथल्या तिथे बसायचा बाकी राहिला.

तो फ्रिज बघायला आल्या फ्रिजवाल्या बाई. खरे तर त्या गार आणि गरम करणारी सगळी यंत्रे दुरुस्त करत, पण पूर्वी पहिल्यांदा घरच्या फ्रिजसाठी आल्या होत्या म्हणून आमच्या घरी त्या कायमच्या फ्रिजवाल्या बाई झाल्या. त्यांनीही आता त्या नावावरून वाद घालणे सोडले होते.

"गाडी का विकताय काका? इंजिन तर ठणठणीत आहे," त्यांनी विचारले.

बाबांनी टपाकडे बोट दाखवून सगळे सांगितले.

बाई हसल्या. "मग मामांना निवृत्त करा की. गाडीला कशाला घरातून काढताय?"

मग मामांच्या जागी बसवायचा हीट पंप म्हणजे काय, ते त्यांनी सांगितले. फ्रिज कसा आतली उष्णता उपसून मागच्या बाजूने बाहेर टाकतो, तसेच हे यंत्र उन्हाळ्यात माझ्या पोटातली उष्णता बाहेर टाकणार. थंडीत उलटे फिरून बाहेरची उष्णता गोळा करून आत आणणार. वीज कमी खाणार, कारण मामांसारखे धाडकन उठणे आणि धाडकन बसणे नाही. लागेल तेवढेच, हळूहळू चालत राहायचे.

"मग सगळ्यात मोठं बसवा," बाबा म्हणाले.

"नको. मोठं मशीन भसकन गार करून बंद पडेल, आणि आत दमट राहील. आधी हिच्या फटी बुजवू, खिडक्यांची रबरं बदलू, टपाला आतून अस्तर लावू. मग लहानच पुरेल."

"आणि आवाज?"

"कुजबुजेइतका," असे म्हणून बाईंनी जीभ चावली, कारण आई दारातच उभी होती.

पण आईला राग आला नाही. ती जवळ येऊन म्हणाली, "एक सहल करून बघू. एकच. नाही जमलं तर गाडी त्या दुकानवाल्यांना द्यायची. मग मात्र रडगाणं नको." हे शेवटचे बाबांना उद्देशून होते. म्हणजे माझे सगळे भवितव्य आता त्या एका सहलीवर टांगलेले.

मामांना उतरवले तेव्हा मला भरून आले. बाईंनी त्यांच्यातला गॅस हवेत न सोडता नीट टाकीत भरून घेतला. मग त्यांना उचलले, तर खालचे लाकूड पावसाचे पाणी मुरून मुरून इतके कुजले होते की बोटाने निघत होते. बाबांनी नवे लाकूड कापून बसवले. त्या भोकावर उघडता येणारी काच बसली, आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा आतून आकाश दिसले. मामांना भंगारवाल्याकडे नेताना बाबांनी त्यांचे झाकण फडक्याने पुसले. "फार केलंत हो आमच्यासाठी," असे म्हणताना त्यांनी इकडेतिकडे पाहून घेतले.

नव्या यंत्राचा एक भाग आत भिंतीवर बसला, दुसरा बाहेर माझ्या पाठीवर, रबराच्या गाद्यांवर. बाईंचे सगळेच पहिल्या फटक्यात जमले असे मात्र नाही. पाणी बाहेर जायच्या नळीचा उतार उलटा झाला आणि सगळे पाणी नेमके बाबांच्या उशीवर टपकले. बाबा म्हणाले, "हे बरं आहे, आंघोळही इथेच." बाईंनी कपाळाला हात लावला आणि नळी पुन्हा बसवली.

मग ती सहल निघाली. एका मोकळ्या माळावरच्या मुक्कामात आम्ही थांबलो आणि विजेची तार जोडली. झाड नाही, सावली नाही, पत्रा तापून लाल व्हायचा बाकी. आई बाकावर बसली होती, मानेवर ओला रुमाल, श्वास जड झालेला. बाबांनी सवयीने हाक दिली, "मामा उठतायत!" आईनेही सवयीने किटली बंद केली. बाबांनी बटण दाबले आणि कान टवकारले.

काहीच नाही. दिवे मंद झाले नाहीत, पत्रा थरथरला नाही. ज्या माणसाने जन्मभर मशीनची नाडी कानाने पाहिली, त्याला हे कसे पटावे? त्यांना वाटले, सुरूच झाले नाही. त्यांनी पुन्हा बटण दाबले, आणि नुकतेच सुरू झालेले यंत्र बंद पडले. थोडे थांबून पुन्हा दाबले. सुरू झाले. आवाज नाही म्हणून पुन्हा दाबले. बंद झाले. मी आतून ओरडत होते, अहो बाबा, चालू होते ते! पण माझे कोण ऐकतो?

आत आता भट्टी झाली होती. आईचा चेहरा लाल झाला. बाबा घाबरले. शेवटचे एकदा बटण दाबून ते फोन घेऊन पुढे ड्रायव्हरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि फ्रिजवाल्या बाईंवर तोंडसुख घेऊ लागले.

"तुमचं मशीन मुकं आहे! हिला धाप लागलीय, मी परत फिरवतोय गाडी. विकतोच आता, संपलं!"

"काका, जरा थांबा, भिंतीजवळ हात धरून बघा ना."

"हात काय धरायचा? चालू असतं तर ऐकू नसतं आलं?"

इकडे मागे, भिंतीवरून गार झुळूक आईच्या मानेवर उतरू लागली होती. तिने डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक. तेवढ्यात बाबा फोन कानाला लावूनच उठले आणि त्यांनी खुर्चीमागच्या बटणाकडे हात नेला.

"अहो, हात लावू नका! चालूच आहे ते. तुम्हीच बंद करताय मघापासून!"

बाबांचा हात हवेतच राहिला. आई माझ्या पार मागच्या टोकाला, ते पुढच्या. मध्ये ओटा, फ्रिज, टेबल. आणि तिचा शब्द न् शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं नाही?"

"आलं. परत म्हण."

"चालू, बंद, चालू, बंद. मशीन आहे की दाराची कडी? आणि चष्मा डोक्यावर ठेवून सकाळपासून शोधताय. मी सांगणार नव्हते, पण आता सांगते."

"अजून?"

"अजून काय? शर्ट उलटा घातलाय."

बाबा शर्टाची उलटी शिवण चाचपत तिथेच खाली बसले. फोन मांडीवर तसाच चालू होता. त्यातून फ्रिजवाल्या बाईंचा आवाज आला, "काका, शर्टाचं मलाही ऐकू आलं हं."

आई हसली. तिच्या हसण्याला आता आवाज नसतो, नुसता श्वास असतो, पण तोही ऐकू आला. बाबांनी ओट्यावरचे फडके घेऊन डोळे पुसले. "रागव," ते म्हणाले. "किती दिवसांचं साठलं असेल, सगळं बोल."

आणि आई बोलली. ऊन उतरेपर्यंत बोलली. मध्येच बाबांनी विचारले, "मग त्या दुकानवाल्यांना काय सांगू?"

"सांगा, गाडी कामात आहे," आई म्हणाली.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फारसे काही मागत नाही. जुनी वस्तू फेकण्याआधी तिचे नेमके कुठे दुखते ते एकदा विचारा. बहुतेक वेळा सगळी गाडी टाकायची नसते, एखादे यंत्र बदलायचे असते, चार फटी बुजवायच्या असतात. आणि तुमच्या घरात कुणाचा आवाज लहान झाला असेल, तर त्यांना 'मोठ्याने बोला' म्हणू नका. आपल्या घरातला गोंगाट तेवढा बंद करा. त्यांना अजून पुष्कळ काही सांगायचे असते.