डावीकडचं अक्षर

मुक्ताबाईंनी डाव्या मनगटाला फडकं करकचून बांधलं, लाकडी ठसा शाईच्या गादीवर टेकवला आणि सगळा जीव हातांत आणून पोत्यावर दाबला. उचलला तेव्हा ‘इंद्रायणी’ काळंभोर उमटलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

टाकव्याच्या त्या भातगिरणीत अठरा वर्षं त्या पोत्यांवर ठसे मारत होत्या. पाच वर्षांपूर्वी बांधावरून पाय घसरला, मनगट मोडलं आणि हाड वाकडं बसलं. तेव्हापासून डाव्या हातात जोर नव्हता, डावीकडचा ‘इं’ फिक्कट उमटे. थोरले शेठ कोंडाजी तोंडाचा पट्टा सोडायचे. मुक्ताबाई गपगुमान बोळा शाईत बुडवून तेवढं अक्षर भरत बसायच्या. आपलं काम कच्चं दिसतं, याची त्यांना मनापासून लाज वाटे.

आता कारभार धाकट्या ओंकारशेठकडे होता. लोणावळ्याच्या दुकानांत पर्यटकांना विकायच्या गोणपाटाच्या पिशव्या यापुढे कारखान्यातून छापूनच येणार होत्या. अक्षरं कॉम्प्युटरवर चढवायला पुण्याची चैताली आली होती. ठसे मारायचं काम सुटणार, हे मुक्ताबाईंना उमगलं होतं. सुटू दे बापडं. पण मागे राहतील ती अक्षरं तरी नीट राहावीत, एवढाच त्यांचा हट्ट. म्हणून तर सकाळपासून दहा पोती जीव ओतून मारली होती.

चैतालीने ती पाहिली. “छान आहेत मावशी. पण फारच स्वच्छ आलीत.”

“मंग? घाण कशाला मारू?”

“तसं नाही हो. हाताचं वाटलं पाहिजे. जुनं, झिजलेलं.”

“हातानंच मारल्यात की, ताई. मनगाट ठणकतंय बगा.”

चैतालीचं लक्ष दाराकडे गेलं. पाय पुसायला टाकलेलं, ‘इं’ फिक्कट राहून वाया गेलेलं एक पोतं तिने उचलून झटकलं. “ओंकार, हे बघ! असंच पाहिजे!”

“त्ये नगं, ताई,” मुक्ताबाई कळवळल्या. “त्यात माजा डावा हात दाबलाच गेला न्हाई.”

“मावशी, सध्या असंच चालतं,” ओंकार हसत म्हणाला.

दोन महिन्यांनी पिशव्यांचे गठ्ठे आले. मुक्ताबाई आता तांदूळ निवडायला बसत. ओंकारने मोठ्या हौसेने त्यांना हाक मारली. चैतालीने त्या एका पोत्यावरून सगळी बाराखडीच बनवली होती. ‘इंद्रायणी’बरोबर ‘मावळचा तांदूळ’, ‘लोणावळा’ असे मुक्ताबाईंनी कधी न मारलेले शब्दही छापले होते, आणि एकूण एक अक्षर डावीकडून फिक्कट होतं.

“बघा मावशी, तुमचा हात कुठं कुठं पोचला!” ओंकार म्हणाला.

मुक्ताबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं. अठरा वर्षांच्या कामातून या लोकांनी नेमकं मोडकं मनगट तेवढं जपून ठेवलं होतं. त्यांना रडूही येईना. नुसता थकवा आला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फळीवरची शाईची वाटी काढली. बोळा बुडवला आणि वरच्या पिशवीचा ‘इं’ भरायला घेतला.

“मावशी, अहो, ते मुद्दाम तसं केलंय,” ओंकार दारातून म्हणाला.

“ठाव हाय, शेठ.”

हात थांबला नाही. अक्षर काठोकाठ भरलं, तशी त्यांनी फुंकर घालून शाई वाळवली. ती पिशवी गठ्ठ्यावर सुलटी ठेवली आणि वाकडं मनगट चोळत त्या तांदळाकडे परत गेल्या.