धुणे सोडले, वीज धरली

मित्रांनो, मी एक जुने वॉशिंग मशीन आहे, पण कृपा करून माझ्याकडे मळके कपडे घेऊन येऊ नका. धुणे मी केव्हाच सोडले. आता मी घरामागच्या उताराखाली, ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोपटात राहते, गरगर फिरते आणि वीज तयार करते. होय, वीज! हे सांगताना आजही माझा आवाज चढतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरेशुभ्र अंग, काचेचे गोल दार, पोटात मोठा ढोल आणि ढोलाच्या पाठीमागे लोहचुंबकांची भक्कम मोटर. मी ज्या घरी आले तिथल्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत, अगदी वायरमनसुद्धा. अंडी उबवून पिल्ले विकणे हा त्यांचा धंदा. बाहेरच्या खोलीत भिंतीशी एक लाकडी पेटी होती. तिच्यात बल्ब जळत आणि त्यांच्या उबेला अंडी मांडलेली असत. पेटीतली फडकी, खोलीतले पडदे, पिसे चिकटलेले कपडे, सगळे माझ्या पोटात येई. "मला जाऊ नाही, पण हे मशीन आहे, आणि हे उलटून बोलत नाही," असे वहिनी शेजारणींना कौतुकाने सांगत. मीही इमानाने राबत होते.

एके दिवशी विजेचा दाब एकाएकी वाढला आणि माझी बटणांची पट्टी जळाली. दुरुस्तीवाल्याने नाक मुरडले आणि नवीनच घ्या म्हणाला. मला परसात नेऊन ठेवले. माझ्या डोक्यावर चिमट्यांची टोपली आली, मग मांजर आले. उन्हाने माझा रंग पिवळा पडला. भंगारवाला दोनदा येऊन मला टकटक वाजवून गेला. तेव्हा माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले.

ते घर वस्तीच्या अगदी टोकाला होते. तिथे वीज लहरी पाहुण्यासारखी वागे, येताना सांगत नसे आणि जातानाही. एका थंडीत ती सकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी उगवली. वहिनींनी पेटीला पांघरुणे गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या, पण व्हायचे ते झाले. सगळी अंडी गार पडली. त्यांनी माझ्या शेजारीच खड्डा खणून ती पुरली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. हे मी पाहिले आणि त्यांच्या दिरानेही पाहिले.

दीर म्हणजे भावजी. मोठा भाऊ ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. घरी हे धाकटे. धंद्याने प्लंबर, स्वभावाने खटपटे. त्यांनी उन्हावर चालणारी आरशांची चूल केली होती, तिने शेजाऱ्यांचा पडदा पेटवला. मिक्सरचे काहीतरी करायला घेतले होते, ते अजून चालूच होते. आता ते माझ्याभोवती घिरट्या घालू लागले. ओढ्याचे पाणी वरून खाली उगाच धावते, ते या मशीनला जुंपावे, असे त्यांच्या डोक्यात आले.

"भावजी, तुम्ही घरातून वस्तू नेता तेव्हा ती वस्तू असते," वहिनी म्हणाल्या, "परत येते तेव्हा पिशवीभर सुटे भाग असतात."

पण मी नाहीतरी भंगारातच निघाले होते. म्हणून त्यांनी फार ताणून धरले नाही.

भावजींनी मला उघडले. ढोल काढला, दार काढले, आणि मोटरला दोन तारा लावून त्यांच्या टोकाला एक छोटा बल्ब जोडला. मग मोटर हाताने फिरवली. बल्ब मिणमिणला! मित्रांनो, मी थरारून गेले. आयुष्यभर मी वीज खाऊन फिरत आले होते. फिरवले तर मीच वीज देऊ शकते, हे मला कुणी सांगितलेच नव्हते!

मग कामाला जोर चढला. भावजींनी ओढ्याच्या वरच्या डोहात जाळी बसवली आणि तिथून उताराने पाइप खाली आणला. खालच्या काठावर पत्र्याचे खोपट उभारून मला त्यात बसवले. पाइपच्या टोकाला निमुळती तोटी लावली. माझ्या मोटरला एक चक्र जोडायचे होते, ज्यावर पाण्याची धार आपटेल. त्याच सुमारास स्वयंपाकघरातल्या पळ्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. दांडे कापून त्या चक्राच्या कडेने गोल बसल्या. पाणी सोडले. चक्र हलले, कुरकुरले, आणि म्हाताऱ्या बैलासारखे रेंगाळले. बल्ब लागलाच नाही. भावजी डोक्याला हात लावून बसले.

इतक्यात पळ्यांचा माग काढत वहिनी आल्या. आता यांची काही धडगत नाही असे मला वाटले. पण त्या धारेकडे बघतच राहिल्या.

"नळाखाली पळी धरलीत का कधी?" त्या म्हणाल्या. "पाणी काठावर पडलं तर घसरून जातं. बरोबर खोलगट भागात पडलं की उलटून तोंडावर येतं. हे पाणी तुमच्या तोंडावर यायला हवं."

भावजींनी तोटी वळवली. पाणी उलटले आणि ते नखशिखांत भिजले. मी मात्र सुसाट सुटले! बल्ब लख्ख पेटला. वहिनी हसल्या, पण अंडी माझ्या भरवशावर ठेवायला तयार झाल्या नाहीत. परसातला एक दिवा लावा, एवढेच पुरे, म्हणाल्या. भावजींनी मुकाट्याने एक जुनी बॅटरी जोडली. मी दिवसभर ती भरत राहिले.

मग ते वादळ आले. भरदुपारी आभाळ काळवंडले, झाडे वाकली, आणि रस्त्यावर काहीतरी धाडकन पडले. वायरमन भिजत येऊन सांगून गेला, की विजेचा खांब मुळासकट आडवा झाला आहे, आठवडाभर तरी लाइट विसरा. पेटीतल्या अंड्यांना फुटायला जेमतेम दोन दिवस उरले होते.

वहिनी पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. लाकूड हळूहळू निवत होते.

"भावजी, तुमची वायर कुठवर पोचते?" त्यांनी विचारले.

वायर पेटीपर्यंत पोचली. बॅटरीवर चालणारे गाडीच्या दिव्याचे बल्ब आत लागले, पेटी पुन्हा उबदार झाली. मी जीव तोडून फिरत होते. पण थोड्याच वेळात माझा दम सरला. धार बारीक झाली, करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी. वादळाने झोडपलेली पाने वरच्या जाळीवर थापली गेली होती. जुनी बॅटरी तरी किती तग धरणार!

भावजींनी पाइपचा हलणारा जोड धरून ठेवला होता. तो सोडता येईना. वहिनींनी पदर खोचला आणि त्या उतार चढून गेल्या. डोहात कंबरभर पाणी होते. त्यात उतरून त्यांनी दोन्ही हातांनी पाने ओरबाडून काढली. आणि मित्रांनो, पाणी आले! असे आले, की मला वाटले आता मी खोपटासकट उडणार!

त्यानंतर दोघे आळीपाळीने जाळी साफ करत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी खांबाचे काम पाहायला आलेला वायरमन घरात डोकावला आणि पेटीला कान लावून थबकला. आत टकटक चालू होती. एका अंड्याला तडा गेला, मग दुसऱ्याला. सगळी काही फुटली नाहीत, पण खोली चिवचिवाटाने भरून गेली. भावजींनी ओला शर्ट पिळता पिळता तोंड फिरवले. वहिनींनी एक पिल्लू उचलले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.

पुढे खांब उभा राहिला, वीज परत आली. वायरमन पेटीची तार पुन्हा खांबाच्या विजेला जोडायला निघाला, तेव्हा वहिनींनी त्याला थांबवले. त्या विजेवर पंखा फिरू दे, पेटी आपल्या मशीनवरच राहील, असे त्या म्हणाल्या.

आपल्या मशीनवर! हे शब्द ऐकून मी त्या दिवशी जरा जास्तच जोरात फिरले.

मित्रांनो, वाहते पाणी फुकट मिळते, पण त्याची जाळी रोज कुणालातरी साफ करावी लागते. माझ्या बेअरिंगला ग्रीस लागते, तारांना कोरडा आडोसा लागतो. एवढी काळजी घेतलीत, तर मी वर्षानुवर्षे राबेन. तुमच्या परसातही एखादे बिघडलेले यंत्र पडले असेल. ते भंगारात घालण्याआधी मोठ्यांना सोबत घ्या, ते उघडा, हाताने फिरवून पाहा. फिरले, तर त्याचे आयुष्य अजून बाकी आहे.

आता बोलणे पुरे. वर जाळीत कुणीतरी हात घातलेला दिसतो. धारेला जोर चढला आहे, आणि मला कामाला लागायचे आहे!