खिडकीकडे तोंड असलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना, ताटाएवढा, अक्षरं दाखवणारा पडदा, म्हणजे स्क्रीन आहे. अंबरनाथच्या कारखान्यात माझे भाग जुळले आणि उल्हासनगरच्या एका खासगी रक्तपेढीत मी कामाला लागलो. तिथे रक्ताच्या पिशवीच्या लेबलावरच्या बारकोडच्या रेघा वाचणारी एक डबी होती. तिने वाचलेलं रुग्णाचं नाव आणि रक्तगट आतल्या संगणकावर उमटायचा. खिडकीबाहेरच्या माणसाला काहीच दिसायचं नाही.

तंत्रज्ञ तेजलला हे खटकायचं. तिने मला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि डबीच्या दुसऱ्या तोंडात माझी वायर खोचली. आधी माझ्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं आली. डबी ज्या वेगाने अक्षरं पाठवत होती, तोच वेग तिने माझ्यात लावला, तेव्हा नाव स्वच्छ उमटलं.

"आता नातेवाइकांनी मोठ्याने वाचायचं, मगच पिशवी द्यायची," ती म्हणाली.

"मॅडम, शाळा खोलली काय इकडे?" खिडकीवरचा चंदर हसला.

पण पद्धत रुजली. माझं कौतुक झालं. नंतर तेजल दुसऱ्या नोकरीवर गेली.

फ्रिजमधून काढलेल्या पिशवीला घाम सुटतो. ओलं लेबल डबीला वाचता येत नसे. पिशवी पुसेपर्यंत रांग ओरडायची. तेच लेबल रुग्णाच्या कागदावरही असे, कोरडं. चंदर पिशवीऐवजी कागदच डबीसमोर धरू लागला.

एका दुपारी मांजर्लीची करिष्मा वडिलांसाठी रक्त न्यायला आली. चंदरने कागद धरला.

"वाच, ताई."

"आण्णा भोईर, बी पॉझिटिव्ह. बरोबर आहे, दादा!"

टेबलावर दोन पिशव्या घामेजून पडल्या होत्या. चंदरने तिला दुसऱ्याच रुग्णाची, वेगळ्या रक्तगटाची दिली. वॉर्डातही घाई होती. "पेढीत स्क्रीनवर बघून दिलंय ना?" एवढंच विचारून पिशवी लावली गेली.

संध्याकाळी करिष्मा परत आली. आण्णा गेले होते.

"मी नीट वाचलं होतं ना, दादा? काय चुकलं माझं?"

चंदर पुढची पिशवी पुसू लागला.

मित्रांनो, तिने बरोबरच वाचलं होतं. मीही खोटं दाखवलं नव्हतं. पण मला डोळे नाहीत. डबीसमोर कागद धरला की मी कागदच सांगतो. पिशवीत काय आहे ते मला कळत नाही. म्हणून विनवतो, पडद्यावर विसंबू नका. पिशवी पुसा, तिचंच लेबल डबीला दाखवा, स्वतःही वाचा. आणि करिष्मा कुठे भेटली तर तिला सांगा, पोरी, तुझं काही चुकलं नाही. मला आवाज असता तर त्या संध्याकाळी मीच सांगितलं असतं.