पाण्यावरची संकष्टी

"टाच आधी नको, अस्मिता! अख्खा पाय सपाट टाक," नीना पुढून ओरडली. "आणि खाली दरीत बघू नकोस, यार."

अस्मिताने मान डोलावली. सकाळी वर जाताना ही वाट नुसत्या भुसभुशीत बर्फाची होती. दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी वाटेवर उतरलं आणि सावलीत पुन्हा गोठलं. आता तिथे काच पसरल्यासारखी वाटत होती. बुटांवर चढवलेल्या साखळीचे लोखंडी दात त्यात रुतत होते, पण अस्मिता दर पावलाला थांबत होती.

नवरा गेल्यावर अमेरिकेतल्या रेडमंडच्या फ्लॅटमधून तिला बाहेर काढलं ते शेजारच्या नीनाने. देवापुढून उठवून डोंगरात आणलं, चालायला शिकवलं. आता नीनाचीच नोकरी गेली होती. व्हिसाची मुदत दोन आठवड्यांवर आली होती. एका कंपनीत शेवटचा इंटरव्ह्यू झाला होता, निरोप यायचा होता. नाही आला, तर नीना सामान विकून नागपूरला.

"बसूनच घसरत जाऊ का गं?" अस्मिताने विचारलं.

"वेडी का काय? ते दात अडकले की घोटाच मोडेल. छोटी पावलं टाक. शाब्बास."

दोन पावलं पडली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अस्मिता कलली. नीनाने झेप घेऊन तिची बॅग पकडली आणि दोघी घसरत जाऊन एका आडव्या ओंडक्याला धडकल्या. ओंडका नसता तर पुढे अडवायला काही नव्हतं.

"आई गं!" नीनाने उजवं मनगट छातीशी धरलं. ते बघता बघता सुजलं. "तू सकाळपासून काय खाल्लंस?"

अस्मिता बुटावरचा बर्फ झटकू लागली.

"संकष्टी आहे, माहितेय मला. केळं, खिचडी, काहीतरी?"

"पाणी."

"नुसतं पाणी? इतक्या थंडीत? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ट्रेक कॅन्सल केला असतास. शेवटचाच असला तर, असं मनात आलं. तुझी नोकरी लागेपर्यंत संकष्टी पाण्यावर, असं बोलले होते गं बाप्पाला."

डाव्या हाताने नीनाने खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली. "ही तर उपासाला चालते."

"ह्याला नाही चालत."

"बघ, माझ्या हातात आता काठी धरवत नाही. पुढचा पट्टा तुलाच मला धरून न्यायचाय. फोनला रेंज नाही. अंधार पडला की संपलं."

अस्मिताने चिक्कीकडे पाहिलं. ती तोंडात घातली की नीना विमानात बसली, असंच तिला वाटत होतं. तिने डोळे मिटून हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि चिक्की चावली. रडत रडत तिने ती संपवली.

थोड्या वेळाने ती उठली. काठी बर्फात रोवायची, पाय सपाट टाकायचा, मग मागे हात द्यायचा. "ये. इथे ठेव पाय. घाई नको." नीना मुकाट्याने तिच्या पावलावर पाऊल ठेवत आली.

गाडी अस्मितानेच चालवली. मनगट दाखवायला दवाखान्याकडे जाताना वाटेतल्या पेट्रोल पंपावर तिने गरम सूप घेतलं. नीनाने दुखण्याची गोळी पाण्याबरोबर घेतली आणि सूपचा कप बाजूला सारला.

"घे ना. किती गारठलीयेस."

"तुझा उपास मोडला ना? उरलेला मी करते."

"तुझा कुठे विश्वास आहे?"

"नाहीच आहे. चंद्रोदय कितीचा?"

"आठ-साडेआठचा. पण आज ढग आहेत, दिसायचा नाही."

"असू दे."

सूपच्या वाफेने समोरची काच धुरकटली. नीनाने कपाकडून तोंड फिरवलं आणि डाव्या हाताने आपल्या बाजूच्या खिडकीची काच पुसून ती आभाळाकडे बघत बसली.