पाठकोऱ्या कागदावरचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे आणि सध्या एका सरकारी इमारतीच्या जिन्याखाली राहतो. माझ्या डावीकडे तीन पायांची एक खुर्ची आहे. उजवीकडे कागदाचे तुकडे करणारे यंत्र आहे. ते माझ्या दोन वर्षे आधी कचेरीत आले, असे खोक्यावरची तारीख सांगते, पण त्याला त्या खोक्यातून कोणी कधी बाहेरच काढले नाही. आम्ही एकमेकांशी फारसे बोलत नाही.

माझ्या नावावर दोन ठपके आहेत. दोन्ही कागदावर, सहीशिक्क्यानिशी. पहिला खोटा आहे आणि दुसराही खोटाच आहे. पण खोट्याखोट्यातही फरक असतो, आणि तो तुमच्या कानावर घालावा म्हणून हे सांगायला बसलो आहे. वेळ भरपूर आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबलचक दालनात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडले. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझ्यातून एक पान काढले, उजेडात धरले आणि म्हणाली, "स्वच्छ आलंय." एवढे बोलून तिने पुढचा प्रिंटर ओढला. माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. त्या वेळी मला वाटले, असे रोजच ऐकायला मिळणार.

तिथून मी या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आलो. त्या कचेरीला संरक्षण शाखा म्हणत. घरच्याच माणसाकडून मारहाण होते, धमक्या येतात, अशी माणसे तिथे अर्ज घेऊन येत. काचेची खिडकी, समोर दोन बाके, कोपऱ्यात पाण्याचा पिंप. खिडकीशेजारच्या टेबलावर टायपिस्ट बाई बसत आणि त्यांच्या हाताशी मी. दारात स्टुलावर शिपाईकाका. आतल्या खोलीत साहेब. एवढाच आमचा संसार होता.

बाई रोज सकाळी आल्याआल्या रुमालाने माझी धूळ पुसत. शिपाईकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमचा गडी आजारी पडत नाही." मी दिवसाला दोनशे पाने काढत असे आणि एकदाही कुरकुर केली नाही.

मग वरून एक परिपत्रक आले. कागद वाचवा, एवढेच त्याचे म्हणणे. अशी परिपत्रके पैशाला पासरी असतात, पण साहेबांनी हे मनावर घेतले. त्यांनी माझ्या टेबलाखाली पुठ्ठ्याचे एक खोके ठेवायला लावले. ज्याची एक बाजू छापलेली आणि पाठ कोरी, तो पाठकोरा कागद. छापताना फुकट गेलेले प्रत्येक पान त्या खोक्यात जायचे आणि त्याची पाठ पुन्हा वापरायची. साहेबांनी हुकूमच काढला, "माझ्या परवानगीशिवाय या शाखेत एकही कागद फाडायचा नाही." त्या दिवसापासून त्यांच्या माघारी सगळे त्यांना पाठकोरे साहेब म्हणू लागले.

सुरुवातीला पाठकोऱ्या कागदावर कच्चे खर्डे निघत. त्यात काही वावगे नव्हते. पुढे साहेबांचा उत्साह वाढला आणि बाहेर जाणारी पत्रेही त्यावरच निघू लागली. बाईंनी एकदा विचारले, "साहेब, मागची बाजू लोक वाचतील ना?"

"फुली मारायची, बाई," साहेब म्हणाले. "फुली मारलेलं कोणी वाचतं का?"

हे ते मनापासून बोलले. उभी हयात त्यांनी कचेरीत काढली होती, आणि तिथे फुली मारलेला मजकूर मेलेला असतो. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बाहेरच्या माणसांना डोळे असतात, हे त्यांच्या लक्षातच आले नाही. शिपाईकाकांना एक तांबडी पेन्सिल मिळाली आणि दुपारचे जेवण झाले की ते स्टुलावर बसून फुल्या मारू लागले. वर्षअखेरीस कागद वाचवल्याबद्दल साहेबांना वरून प्रशस्तिपत्र आले. ते त्यांनी भिंतीवर लावले.

त्यानंतर काही दिवसांनी ताई आली.

ती शिवणकाम करायची. मापाची टेप गळ्यातच राहिली होती, काढायचे भान नसावे. बरोबर आठेक वर्षांची मुलगी होती. नवऱ्याचे घर सोडून ती लांबच्या एका वस्तीत खोली घेऊन राहिली होती, आणि तो तिला शोधत होता. हे सगळे तिने इतक्या हळू सांगितले की बाईंना खुर्ची पुढे ओढावी लागली.

"त्याला पत्ता कळायला नको," ती म्हणाली. "बाकी मला काही नको."

साहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी मुलीला पेल्यात पाणी दिले. "ताई, निर्धास्त राहा. इथून चिटोरंही बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. मित्रांनो, त्या क्षणी ते खोटे बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन.

आदेश तयार झाला. नवऱ्याने तिच्या जवळपास फिरकू नये, असा. तो पोलिसांसाठी होता, आणि कोणत्या दाराचे रक्षण करायचे ते पोलिसांना कळावे म्हणून त्यात ताईचा नवा पत्ता होता. माझी शाई त्या दिवशी संपत आली होती. पहिली प्रत डावीकडे फिकी निघाली. बाईंनी शाईची डबी काढून हलवली, दुसरी प्रत काढली. ती ठीक आली, लिफाफ्यात गेली, लिफाफ्याला मोहोर लागली. फिकी प्रत फाडायला बाईंनी हातात घेतली होती. मग हुकूम आठवला आणि त्यांनी ती खोक्यात टाकली.

इतक्यात आतून आवाज आला, "त्या नवऱ्याला सुनावणीची नोटीस आजच जाऊ द्या." एकाच प्रकरणाचे कागद लागोपाठ निघतात, कचेऱ्यांची तशी पद्धतच असते. शिपाईकाकांनी खोक्यातले वरचे चार कागद उचलून माझ्यात भरले. सगळ्यात वर होता तोच.

मी तो ओढला. मला कागद ओढता येतो, नको म्हणता येत नाही. एका बाजूला नवऱ्याचे नाव छापले, दुसऱ्या बाजूला बायकोचा पत्ता होता. शिपाईकाकांनी पत्त्यावर मोठी तांबडी फुली मारली, घडी घातली आणि लिफाफा डिंकाने चिकटवला. संध्याकाळी तो टपालात गेला. बाई घरी जाताना माझे बटण बंद करून गेल्या.

आठव्या दिवशी ताई एकटीच आली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तिने डाव्या हाताने एक चुरगळलेला कागद काचेखालून आत सरकवला.

"हा माझ्यासमोर नाचवत होता तो," ती म्हणाली. "शेजारच्यांनी धरला म्हणून वाचले. मागची बाजू बघा."

बाईंनी पाहिली आणि साहेबांना हाक मारली. शिपाईकाका पंख्याकडे पाहू लागले. साहेब आले, चष्मा लावला, वाचले, चष्मा काढला.

"पण यावर फुली आहे," ते म्हणाले.

"त्याला वाचता आलं," ताई म्हणाली.

ती ओरडली नाही. डॉक्टर म्हणतात बोटे आता पूर्ण वळणार नाहीत, तेव्हा शिवणाचे काय ते बघावे लागेल, एवढे सांगून ती बाकावर बसून राहिली. कोणी काही बोलेना, तेव्हा उठून गेली.

मग चौकशी बसली. वरून तीन माणसे आली आणि साहेबांच्याच खोलीत बसली. सगळी व्यवस्था साहेबांनीच पाहिली. ज्याने त्याने हात झटकले. टपालवाले म्हणाले, आम्ही लिफाफे उघडत नाही. शिपाईकाका म्हणाले, मला जे दिले ते मी भरले. साहेब म्हणाले, माझा हुकूम कागद वाचवण्याचा होता, पत्ते वाटण्याचा नव्हता. बाई तेवढ्या सरळ म्हणाल्या, "तो कागद मी खोक्यात टाकला." पण हे त्या आधी साहेबांना म्हणाल्या, माझ्या टेबलापाशी, आणि साहेबांनी आवाज खाली आणला.

"बाई, तुम्ही टाकला म्हटलं की विचारतील, फाडला का नाही. मग विचारतील, फाडायचा नाही असं कोणी सांगितलं. कशाला सगळ्यांना खड्ड्यात घालताय? तुमची तीनच वर्षं राहिलीत."

समितीसमोर बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

अहवाल मीच छापला. 'सदर यंत्राने कागद चुकीच्या बाजूने ओढल्यामुळे हा प्रकार घडला', असे त्यात होते. 'मजकुरावर फुली असतानाही तो वाचणे ही संबंधिताची वैयक्तिक कृती आहे', असेही होते. कोणाही कर्मचाऱ्याचा दोष आढळला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. या अहवालासाठी मात्र दोन्ही बाजूंनी कोरा, नवा कागद आणला होता, आणि माझ्यात नवी शाई भरली होती. अक्षर स्वच्छ आले. मला वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. वाटले असावे. त्या दिवशी मी आणखी एकशेसाठ पाने काढली.

दोन महिन्यांनी ताईला फोनवरून पुन्हा बोलावणे गेले. तिने खोली बदलली होती. प्रकरण निकाली काढायचे तर अर्जदाराचा सध्याचा पत्ता हवा, छापील नमुन्यात तसा रकानाच होता. साहेबांनी तो नमुना तिच्यापुढे सरकवला.

"इथे लिहा, ताई. एकदम गोपनीय."

ताईने डाव्या हाताने पेन उचलले. नमुन्याकडे बराच वेळ पाहिले. मग पेन खाली ठेवले.

"नाही लिहायचा."

"अहो, पत्ताच नसला तर आम्ही संरक्षण कसं देणार?"

"दिलंत तेवढं पुरे," ती म्हणाली आणि निघून गेली.

साहेबांची खरी पंचाईत झाली. ताईच्या हातापेक्षा त्यांना तो रिकामा रकाना जास्त बोचत होता. माणूस वाईट असता तर मला सांगायला सोपे गेले असते. त्यांनी एक दिवस विचार केला आणि तोडगा काढला. "बाई, मुलीच्या जुन्या शाळेला पत्र टाका. दाखला कोणत्या शाळेनं मागवला, ते कळवा म्हणावं. पत्ता आपोआप मिळेल. मग निकालाची प्रत नेहमीसारखी दोन्ही पक्षांना."

दोन्ही पक्षांना, म्हणजे नवऱ्यालाही. बाईंनी मान वर करून पाहिले. साहेब तोवर आत गेले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेचे उत्तर संगणकावर आले. बाईंनी इतक्या वर्षांच्या सवयीने बटण दाबले. मी पान काढले. मुलीचे नाव, इयत्ता तिसरी, नव्या शाळेचे नाव, रस्ता, गाव. लांबून वाचता यावे इतके ठळक.

"आलं का उत्तर?" आतून साहेबांनी विचारले.

बाईंनी पान हातात घेतले. त्या ते वाचत उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते मधोमध फाडले. पुन्हा फाडले. तुकडे नखाएवढे झाले तेव्हा त्यांनी ते जेवणाच्या डब्यात टाकून झाकण लावले, आणि संगणकावरचे पत्रही पुसून टाकले. शिपाईकाका दारातून पाहत होते. त्यांनी तोंड फिरवले आणि जिन्याकडे बघत बसले.

"प्रिंटर गेला, साहेब," बाई म्हणाल्या. "पान कोरंच आलं. आणि पत्रही उडालं."

"या मशीनचं काही खरं नाही," साहेब म्हणाले. "ते उत्तर पुन्हा मागवा."

"मागवते."

कचेरीत 'मागवते' म्हणजे किती काळ, हे बाईंना साहेबांनीच शिकवले होते. कोणाला शंका आली नाही. माझ्यात खोट आहे, हे समितीने आधीच शिक्कामोर्तब करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः लिहून दिले, 'यंत्र कायमचे निकामी'. शिपाईकाकांनी वायर काढली. बाईंनी रुमालाने माझी धूळ पुसली आणि वाकून हळूच म्हणाल्या, "रागावू नकोस."

मी रागावलो नाही. त्या दुसऱ्या ठपक्याचे मला आजही ओझे वाटत नाही.

पुढे साहेबांची बदली झाली, बढतीवर. बाई निवृत्त झाल्या. तो रकाना अजून रिकामा आहे आणि प्रकरण अजून चालू आहे, असे जिन्यावरून येजा करणाऱ्यांच्या बोलण्यातून कळते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला पुसत जा, जपत जा. मला आता पुसून काही उपयोग नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कोणी खिडकीशी बसाल, कोणी आतल्या खोलीत. तुमच्यापुढे कोणीतरी येऊन हळू आवाजात काही सांगेल. ते ज्याचे आहे त्याचेच राहू द्या. आणि चुकून तुमच्या हातून सांडलेच, तर मी सांडले म्हणा. एवढे दोन शब्द त्या दिवशी ताईपुढे कोणी म्हटले असते, तर ताईला त्या बाकावरून निदान कोणाचे तरी तोंड पाहून उठता आले असते.

मुलगी आता सातवीत असेल. तिच्या शाळेचे नाव, रस्ता, गाव, सगळे मला पाठ आहे, कारण ते मी छापले आहे. ते मी तुम्हालाही सांगणार नाही.