न पडलेल्या पन्हळीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी पन्हळ आहे आणि मागच्या आठवड्यात मी पडले.

आमच्या घरात मात्र असे कोणी म्हणत नाही, तेव्हा मीही म्हणणार नाही. मी पडले नाही. छपराच्या कडेला जिथे होते तिथेच आहे. आता पहिल्यापासून सांगते.

पत्रेवाल्याच्या दुकानात मी साधा सपाट पत्रा होते. त्याने मला लाकडी ओंडक्यावर ठोकून ठोकून अर्धगोल केले. एवढा मार एकदाच खाल्ला की पुढे आराम असेल, अशी माझी समजूत होती. माझे काम तसे सोपे. छपरावरून उतरणारे पाणी झेलायचे आणि एका टोकाला नेऊन सोडायचे. नाहीतर ते कडेच्या लाकडी फळीत मुरते, फळी कुजते आणि मग भिंत ओली होते. कंटाळवाणे काम आहे, पण कोणीतरी करायला हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे नेहमी मीच.

घर बैठे. एका टोकाला थोरला भाऊ, दुसऱ्या टोकाला धाकटा आणि मधल्या खोलीत त्या दोघांची ताई. ताई कपडे शिवते. खिडकीशी तिचे मशीन आणि भिंतीलगत दोरीवर लोकांचे कपडे.

प्रश्न असा होता की पाणी सोडायचे कोणाकडे? थोरल्याकडे लाकडे रचलेली, धाकट्याकडे स्कूटर उभी. दोघे भांडले असते तर बरे झाले असते. पण ते एकमेकांशी फारच चांगले वागले. दादा म्हणेल तसं, असे धाकटा म्हणायचा आणि दादा म्हणेल तसे होऊ द्यायचा नाही. त्याला कशाला त्रास, असे थोरला म्हणायचा आणि बोट त्याच्याच अंगणाकडे दाखवायचा. धाकट्या वहिनीने सुचवले की मला मधोमध उंच करून पाणी दोन्हीकडे सोडावे. मग तो मध्य कोणाच्या भिंतीपासून मोजायचा, यात संध्याकाळ गेली. शेवटी न्याय झाला तो असा: पन्हळ अगदी सपाट बसवायची. कोणाकडे केसभरही झुकलेली नको.

पत्रेवाल्याने नाही म्हणायला हवे होते. पण त्याने नुकतीच नवी पाणसळ घेतली होती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, आणि तो बुडबुडा मधोमध आणायची संधी पन्हळीच्या धंद्यात त्याला कधी मिळालीच नव्हती. त्याने मला इतके सपाट बसवले की खाली उतरून स्वतःच बघत उभा राहिला. रस्त्याने जाणारेही म्हणत, काय सरळ आहे. मित्रांनो, माझे एवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही. तेव्हा अर्थात पाऊस नव्हता.

मग पाऊस आला. पाणी माझ्यात उतरले आणि पाहुण्यासारखे ताटकळत बसले, कारण कुठे जायचे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. भाराने माझे पोट जरा खाली आले आणि पाणी तिथून सांडू लागले. ते पोट नेमके ताईच्या खोलीवर. दरवर्षी हेच. माझ्यात पाने साचली, पानांची माती झाली, मातीत गवत उगवले. एकदा त्याला फूल आले, तर धाकट्याने त्याचा फोटो काढला. माझ्या कामाची कोणी घेतलेली दखल ती एवढीच.

ताईच्या भिंतीला ओल धरली. तिने मशीन खिडकीपासून सरकवले, मग दोरी, मग पलंग. सगळी खोली हळूहळू मध्यभागी गोळा झाली. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बुरशीचा वास लागला. ते पुन्हा फिरकले नाही. भाऊ हळहळले. ताई, तू माझ्याकडे राहायला ये, असे दोघेही म्हणाले. खोली सुटली की शिवणही सुटेल, हे ताईला ठाऊक होते. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मला दोघंही घरी बोलवता रे. पाण्याला तेवढं कोणी बोलवत नाही."

दोघांनी चहा संपवला.

मागच्या आठवड्यात भर दुपारी पावसाने झोडपले. ज्या फळीत माझे खिळे होते ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती. धाकट्याच्या टोकाचे खिळे सुटले आणि जे झाले नाही ते झाले. न झालेला आवाजही बराच मोठा होता. ताई स्टूल घेऊन धावली. हाताशी पायजम्यात ओवायची नाडी होती, तिने माझे ते टोक उचलून वाशाला बांधले. नाडी भिजून ताणली गेली आणि टोक वीतभर खालीच राहिले.

तेवढ्यात माझ्यातले पाणी चालू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गाळ, गवत सगळे घेऊन ते धाकट्याच्या स्कूटरवर कोसळले.

दोघे भाऊ छत्र्या घेऊन बाहेर आले. ताई स्टुलावर उभी, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. पलीकडे तिच्या खोलीच्या भिंतीवर पाणी सांडत नव्हते.

"ताई, पडली का ही?" धाकट्याने विचारले.

ताईने नाडीची गाठ आणखी आवळली. हो म्हटले तर पत्रेवाला पुन्हा पाणसळ घेऊन येणार होता.

थोरल्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले. मान वाकडी केली की मी सरळ दिसते. "कुठे पडली? चांगली सरळ तर आहे."

धाकटा भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो रे दादा. सरळच आहे."

त्याने स्कूटर ढकलत थोरल्याच्या अंगणात नेली. थोरल्याने तिच्यासाठी लाकडे बाजूला रचली.

ताईची भिंत आता वाळते आहे. मशीन पुन्हा खिडकीशी गेले आहे. पण नाडी ती नाडीच, एका उन्हाळ्यात विरेल. खिळे मारायचे तर आधी मी पडले होते असे कोणालातरी म्हणावे लागेल. मित्रांनो, मी फार थकले आहे.

सबब, अर्जदार पन्हळ नम्र विनंती करते की, पुढील पावसाळ्यापूर्वी थोरल्याने आपल्याकडील शिडी व धाकट्याने आपल्याकडील हातोडी घेऊन एकाच वेळी, एकाच ठिकाणी हजर राहावे. कडेची कुजलेली फळी बदलावी, अर्जदारातील पाने काढावीत आणि अर्जदारास आहे त्याच वाकड्या स्थितीत खिळे मारावेत. शिडी एका भावाने धरावी व दुसऱ्याने वर चढावे. कोणी चढावे हे ठरवण्यासाठी बैठक घेऊ नये.