पडद्यामागचा घुमारा

सभागृहाच्या दारात एवढी रेटारेटी होती, की माझी एक चप्पल माझ्या आधी आत पोचली. आत मात्र सगळे चिडीचूप. जमिनीवर जाड गालिचा, चारही भिंतींना मखमली पडदे आणि समोर व्यासपीठावर नादमहाराज डोळे मिटून बसलेले. त्यांच्या पाठीमागेही एक काळा पडदा होता. परलोक म्हणे त्याच्या पलीकडे सुरू होत होता.

"देह संपतो, नाद संपत नाही," महाराज माइकमधून म्हणाले. "तो विश्वात फिरत राहतो. मी त्याला फक्त हाक मारतो. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी ती बाहेर ठेवून यावं, शंकेने लहरी फाटतात."

माझ्या शेजारी काका बसले होते. त्यांनी आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काकूला जाऊन वर्ष होत आलं होतं. महाराजांनी काकांकडे बोट केलं, दिवे मंद झाले आणि पडद्यामागून आवाज आला. विहिरीच्या तळातून यावा तसा, खोल आणि थरथरता.

"अहो घड्याळजी... जेवलात का... का... का..."

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. काकू त्यांना लाडाने घड्याळजीच म्हणायची.

"डोळ्यांचं ऑपरेशन करू नका... महाराज नादाने नजर देतील... तील... तील..."

एवढं बोलून परलोक शिंकला. शिंक सभागृहभर घुमली, लांब गेली आणि परत आली.

"तिकडे गारवा फार असतो," महाराज शांतपणे म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ऑपरेशनची तारीख रद्द केली. मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबलात तर नजर धोक्यात येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी डोकं आपटून घ्यायचा तेवढा बाकी होतो.

"तिचा शब्द मी कधी मोडला नाही," काका म्हणाले. "ती गेल्यावर आता मोडू?"

शेवटी मी त्यांना वहिनीकडे नेलं. माझी वहिनी घरच्या घरी मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करते. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये तिचं टेबल आणि टेबलावर मल्टिट्रॅक रेकॉर्डर. राजा, म्हातारी, राक्षस आणि राक्षसाची सासू, सगळी एकटी वहिनीच. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा, प्रत्येकावर वेगळा इफेक्ट चढवायचा.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, त्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर घुमते का हो?"

"नाही. गालिचा, पडदे... जागच्या जागी विरते."

"मग काकूचाच आवाज तेवढा कसा घुमला?" तिने काकांच्या कानावर हेडफोन चढवले. "आधीच सांगते, आता बोलणार आहे ती मीच." मग माइकमध्ये म्हणाली, "अहो घड्याळजी, जेवलात का?"

तिने तेच वाक्य पुन्हा लावलं. आवाज वहिनीचाच, कोरडा. तिने पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, थोडा खाली ओढला, आवाजाला वय आलं. डिले लावला, शब्दांच्या शेपट्या मागे रेंगाळू लागल्या. "आणि हा रिव्हर्ब. राक्षसाच्या गुहेसाठी वापरते मी." आवाज विहिरीत उतरला.

काकांच्या गालांवरून पाणी ओघळलं. समोर वहिनीच बोलतेय हे ठाऊक असूनही ओघळलं. वहिनीने एकेक इफेक्ट उतरवला. शेवटी पुन्हा तिचाच आवाज उरला.

काकांनी डोळे पुसले. "नक्कल करता येते, एवढंच तू दाखवलंस," ते म्हणाले. "तिथे बोलली ती नक्कलच होती, हे कुठे दाखवलंस?"

प्रश्न अगदी रास्त होता. वहिनीलाही तो आवडला. "काकू तुम्हाला घड्याळजी म्हणायची, हे तिथे कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणाला नाही." काका थांबले. "म्हणजे, रांगेत पाणी देणारी एक सेविका होती. फार मायेने चौकशी केली तिने. सर्दीने बेजार होती बिचारी." "शिंक..." ते स्वतःशीच पुटपुटले. निघताना म्हणाले, "पुढच्या सभेला तूही चल."

पुढच्या सभेत वहिनी मुद्दाम व्यासपीठाच्या कडेला बसली. दिवे मंद होताच ती दिसेनाशी झाली.

"घड्याळजी... माझ्यावर विश्वास आहे ना... ना... ना..."

काका उभे राहिले. "आहे. पण ऑपरेशन केलं नाही तर माझ्या नजरेचं काय होईल?"

"नजर ताऱ्यांसारखी... खी... खी..." टक् असा आवाज झाला, आणि मग स्पीकरमधून नाक चोंदलेला, अगदी घरगुती आवाज आला, "अहो बाई, त्या बटणाला हात लावू नका, सगळं सेटिंग जाईल माझं."

सभागृह गार. महाराज गरजले, "दुष्ट शक्ती शिरली आहे, हलू नका." पण त्यांचा माइकही पडद्यामागच्या रेकॉर्डरलाच जोडलेला होता आणि वहिनीने त्यांचा पिच टोकापर्यंत वर चढवला होता. दुष्ट शक्तीची घोषणा उंदराच्या पिल्लाने केली. मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच.

वहिनीने पडदा सरकवला. स्टुलावर रेकॉर्डर, हातात माइक धरलेली तीच पाणी देणारी सेविका. बाकीच्या ट्रॅकवर वारा, हुंदके आणि एक खोकणारे आजोबा आधीच भरून ठेवलेले. वहिनीने एकेक ट्रॅक वाजवून दाखवला, मग लोकांनाच माइकवर बोलावलं. आमच्या गल्लीतला वाणी आपलं नाव राक्षसाच्या आवाजात ऐकून इतका खूश झाला, की खाली उतरेना. त्या गोंधळात महाराज मागच्या दाराने सटकले.

एक म्हातारी मात्र हसत नव्हती. "म्हणजे माझी लेक बोललीच नाही?" तिने विचारलं.

वहिनी तिच्याजवळ खाली बसली. "नाही, आजी. बोलली ती ही बाई. लेकीची आठवण आली ती तुमची, ती खरी आहे. त्यासाठी तुम्हाला कुणा महाराजांची गरज नाही."

काकांनी नवी तारीख घेतली. दोन्ही डोळे नीट झाले. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी काकूचा फोटो मागितला आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

तेव्हा तुम्हालाही कुठे आपल्या गेलेल्या माणसाचा आवाज ऐकवला, तर रडू आलं तरी लाजू नका. पण डोळे पुसून झाले की उठा आणि पडद्यामागे काय आहे ते दाखवा म्हणा. जो दाखवणार नाही, त्याच्या शब्दावर डॉक्टरांची तारीख मोडू नका.